विमान कंपनी बँकेच्या यादीतून गेली तेव्हा: उद्यमबागेतल्या एका कुटुंबाचे प्रकरण

हे प्रकरण बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका छोट्या मशीन शॉपच्या मालकांचे आहे. त्यांच्या हिशेबाचे काम मी पाहतो, त्यामुळे सगळे जवळून पाहायला मिळाले. त्यांच्या परवानगीने लिहितो आहे, पण नावे बदलली आहेत. बँक आणि विमान कंपनी यांची नावे देत नाही. आकडे त्या वेळच्या कागदांवरचे असून सोयीसाठी पूर्णांकात घेतले आहेत.

पार्श्वभूमी

दोघे भाऊ, भागीदारी फर्म. थोरले अण्णा बँक, खरेदी आणि गिऱ्हाइके बघतात, तर धाकटे बापू शॉप फ्लोअर सांभाळतात. काम हायड्रॉलिकच्या सुट्या भागांचे. बेळगावात ढलाईचे आणि मशीनिंगचे असे शेकड्यांनी कारखाने आहेत, त्यातलाच हा एक. अण्णांचा मुलगा जर्मनीत, स्टुटगार्टजवळ नोकरीला आहे. सून तिथेच, आणि मे महिन्यात बाळंतपण ठरलेले.

अण्णांकडे एका खासगी बँकेचे वरच्या श्रेणीचे क्रेडिट कार्ड होते. कार्ड त्यांच्या वैयक्तिक नावावर, पण घासायचे फर्मसाठी. इन्सर्ट, एंड मिल, कटिंग ऑइल, पुण्याच्या टूलिंग डीलरची बिले, मध्येच हेस्कॉमचे वीजबिल. महिन्याचे कार्डाचे बिल फर्मच्या खात्यातून जायचे. कार्डाच्या खर्चावर बँक बक्षीस म्हणून पॉइंट द्यायची, सुमारे तीन वर्षांत ते २,४०,००० साठले. अण्णांचा बेत साधा होता: हे पॉइंट एका परदेशी विमान कंपनीच्या माइलमध्ये, म्हणजे तिकिटाच्या बदल्यात चालणाऱ्या तिच्या स्वतःच्या पॉइंटमध्ये, वळवायचे आणि दोघा नवराबायकोंनी नातवंडाला बघायला जायचे.

बँकेच्या यादीत अशा डझनभर विमान कंपन्या होत्या. अण्णांच्या कंपनीसाठी दर होता २ पॉइंटला १ माइल.

अडचण

डिसेंबरच्या सुरुवातीला बँकेचा ईमेल आला. विषय होता रिवॉर्ड कार्यक्रमातले बदल. दोन परिच्छेद नव्या ऑफरचे, आणि तिसऱ्यात एक ओळ: अमुक विमान कंपनी १० जानेवारीनंतर आमची भागीदार राहणार नाही, त्या तारखेपर्यंत आलेल्या विनंत्या पूर्ण केल्या जातील.

अण्णांनी तो वाचला आणि बाजूला ठेवला. कारण विचारले तर म्हणाले, "ते आपोआप वळतंय की ओ. मागच्या खेपेला वळलं नव्हतं काय?"

हा 'मागच्या खेपेचा' अनुभव थोडा उलगडून सांगायला हवा, कारण सगळा घोळ तिथून सुरू झाला. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. क्लब विस्ताराचे, म्हणजे विस्ताराच्या प्रवासी-बक्षीस कार्यक्रमाचे, पॉइंट एअर इंडियाच्या कार्यक्रमात एकास एक या दराने गेले. अण्णांकडे विस्ताराचे को-ब्रँड कार्डही होते, म्हणजे बँकेने आणि विमान कंपनीने मिळून काढलेले. त्यांनी काहीही केले नाही आणि पॉइंट नव्या खात्यात दिसू लागले. त्यामुळे भागीदारी संपली की कुणीतरी आपला माल उचलून पुढच्या गाडीत ठेवतो, असे त्यांच्या डोक्यात बसले.

पण त्या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचा फरक आहे. को-ब्रँड कार्डावर दर महिन्याला जे मिळते ते थेट विमान कंपनीच्या खात्यात पडते. ते देणे विमान कंपनीचे असते. ती दुसऱ्या कंपनीत गेली तर देणेही तिच्याबरोबर जाते. बँकेचे पॉइंट मात्र बँकेचे देणे असते. बँक विमान कंपनीकडून ठरलेल्या भावाने माइल विकत घेते आणि ग्राहकाच्या पॉइंटच्या बदल्यात देते. हा करार संपला की पॉइंट जागच्या जागी राहतात, फक्त त्या एका कंपनीकडे जायची वाट बंद होते. कुणी काही आपोआप वळवत नाही. वळवायचे ते आपणच, तेही मुदतीच्या आत. शिवाय हे काम धान्य दळून आणण्यासारखे आहे: एकदा पीठ झाले की पुन्हा जोंधळे होत नाहीत. माइल झालेले पॉइंट बँकेकडे परत येत नाहीत.

आणि माइल वळवून ठेवले म्हणजे सुरक्षित झाले, असेही नाही. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजची विमाने थांबली. तिचा माइलचा कार्यक्रम वेगळ्या कंपनीकडे होता, म्हणून माइल बुडाले नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो इंटरमाइल्स या नव्या नावाने सुरू राहिला. पण ज्या विमानांसाठी लोकांनी माइल साठवले होते ती विमानेच उरली नव्हती.

मुलाने वडिलांचा मेल तिकडे उघडला तेव्हा पहिला आठवडा उलटून गेला होता. त्याने फोन केला, आणि मग घरात हालचाल सुरू झाली.

पॉइंट कोणाचे?

मुदत जवळ आली तसा घरातला न बोललेला हिशेबही वर आला. रविवारी दोन्ही कुटुंबे जेवायला बसली असताना अण्णांनी सांगितले की सगळे पॉइंट वळवून दोन तिकिटे काढणार. बापू शांतपणे म्हणाले, "अण्णा, बिल फर्म भरत्या. मग पॉइंट तेवढे तुमचे कसे?"

कार्ड अण्णांचे, जोखीम अण्णांची, वार्षिक शुल्कही पहिल्या वर्षी अण्णांनी खिशातून भरलेले. उलट बाजूने, खर्च पूर्ण फर्मचा आणि फर्ममध्ये बापूंचा निम्मा वाटा. कागदावर याचे उत्तर नव्हते. भागीदारीच्या करारात कार्डाचा उल्लेखच नाही, पॉइंटचा कुठून असणार?

मला हा प्रश्न विमान कंपनीच्या निर्णयापेक्षा महत्त्वाचा वाटला. बँकेच्या नियमांत पॉइंट कार्डधारकाचे असतात, तेवढ्याने भावाभावांतला प्रश्न सुटत नाही. आणखी एक बाजू होती. वैयक्तिक कार्ड व्यवसायाच्या खर्चाला वापरू नये, अशी अट बहुतेक बँकांच्या शर्तींत असते आणि तसा वापर आढळला तर पॉइंट रद्द करायचा अधिकार बँक राखून ठेवते. या कार्डाच्या शर्तींतही ती ओळ होती. त्यामुळे पुढे कुणाशी भांडायचे ठरले, तर आधी आपलीच बाजू तपासून घेणे भाग होते.

समोरचे पर्याय

पहिला, अण्णांचा: सगळे वळवा. यात एक अडसर निघाला. २०२३ च्या अखेरीपासून काही बँकांनी वर्षाला किती पॉइंट विमान कंपन्यांकडे वळवता येतील यावर मर्यादा घातल्या. या बँकेची मर्यादा होती कॅलेंडर वर्षाला १,५०,००० पॉइंट. पण मुदत १० जानेवारीची होती, म्हणजे मध्ये वर्ष बदलत होते. डिसेंबरात एक हप्ता आणि १ जानेवारीनंतर दुसरा, असे करून सगळे पॉइंट नेता आले असते. हे मुलाने हेरले. मर्यादेमुळे आलेली ही सक्तीची दोन पावले पुढे उपयोगी पडली, कारण निर्णयही दोन टप्प्यांत घेता आला.

दुसरा, थोरल्या वहिनींचा, म्हणजे अण्णांच्या पत्नींचा: रोख घ्या. बँक २० पैसे दराने पॉइंट कार्डाच्या बिलात जमा करत होती. २,४०,००० पॉइंटचे ४८,००० रुपये. वहिनींचे म्हणणे, एका मोठ्या गिऱ्हाइकाचे पैसे अडकलेत, हातात येईल ते खरे.

तिसरा पर्याय मुलाने मांडला. जाणारी विमान कंपनी एका आंतरराष्ट्रीय आघाडीची सदस्य होती. स्टार अलायन्स, स्कायटीम, वनवर्ल्ड या तीन मोठ्या आघाड्या. एका सदस्याचे माइल दुसऱ्या सदस्याच्या विमानात चालतात. त्याच आघाडीतली दुसरी एक कंपनी बँकेच्या यादीत शिल्लक राहणार होती. म्हणजे विमान तेच, जागा कदाचित तीच, फक्त माइल वेगळ्या खात्यातले. मात्र तिथला दर ३ पॉइंटला १ माइल होता.

चौथा, अण्णांच्या एका मित्राचा. हे गृहस्थ एका पतसंस्थेचे संचालक आहेत आणि प्रत्येक अडचणीवर त्यांच्याकडे नोटीस हे एकच औषध असते. रिझर्व्ह बँकेकडे तक्रार टाका, ग्राहक आयोगात जा.

आकडे मांडले ते असे. मुलाने बेंगळुरूहून एप्रिलअखेर जायच्या आणि जुलैच्या मध्याला परतायच्या जागा शोधल्या होत्या. मध्ये ९० दिवसांपेक्षा कमी, कारण जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. जाणाऱ्या कंपनीच्या कार्यक्रमात एका बाजूला २७,००० माइल, म्हणजे जाऊन येऊन ५४,००० माइल किंवा १,०८,००० पॉइंट. वर कर आणि अधिभार मिळून २८,००० रुपये रोख. तेच तिकीट पैशाने ६५,००० चे होते. म्हणजे बचत ३७,०००, पॉइंटमागे ३४ पैसे.

इथे अण्णांचा चेहरा उतरला. त्यांच्या मनात तिकीट 'फुकट' होते. लोक माइलची संख्या बघतात आणि त्याखालची कराची ओळ बघत नाहीत. युरोपच्या बऱ्याच तिकिटांत ती ओळच तिकिटाचा मोठा भाग खाऊन टाकते. ३४ पैसे आणि २० पैसे यांत फरक होताच, पण अण्णा गेली तीन वर्षे सांगत होते तेवढा नव्हता.

आघाडीतल्या दुसऱ्या कंपनीकडून तोच प्रवास एका बाजूला ३२,००० माइलचा, अधिभार मात्र कमी, दर बाजूला ९,००० रुपये. जाऊन येऊन ६४,००० माइल म्हणजे १,९२,००० पॉइंट, बचत ४७,०००. पॉइंटमागे साडेचोवीस पैशांच्या आसपास. एकाच माणसाचे तिकीट निघाले असते. वाईट नव्हते, आणि या वाटेला १० जानेवारीची मुदत नव्हती. या शेवटच्या मुद्द्याकडे त्या वेळी कुणी फारसे लक्ष दिले नाही.

तक्रारीचे काय

मित्राचा पर्याय एका वाक्यात उडवून लावण्यासारखा नव्हता, म्हणून त्यावर थोडे खोलात गेलो.

त्या वेळी लागू असलेले रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट आणि डेबिट कार्डांबाबतचे निर्देश २१ एप्रिल २०२२ चे. त्यानुसार बँकेला अटी बदलता येतात, पण ३० दिवसांची सूचना द्यावी लागते. त्या काळात ग्राहकाने कार्ड परत केले नाही, तर त्याला बदल मान्य आहे असे धरले जाते. इथे सूचना ३० दिवसांहून थोडी आधीच आली होती. मेल अण्णांनी बाजूला ठेवला, हा बँकेचा दोष नव्हे.

पुढची पायरी लोकपालाची, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्याची. त्या वेळी लागू असलेल्या २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेत आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी लागते. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तरच पुढे जाता येते. तक्रार ऑनलाइन होते, बेंगळुरूच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. पण त्याच योजनेत बँकेचा व्यापारी निर्णय हा विषय तक्रारीबाहेर ठेवला आहे. कोणत्या विमान कंपनीशी करार ठेवायचा हा व्यापारी निर्णयच म्हणायचा. मुदतीत दिलेली विनंती बँकेने अडवली असती, पॉइंट कापून माइल दिले नसते, तर गोष्ट वेगळी होती. ती सेवेतली त्रुटी ठरते.

ग्राहक आयोगाचा रस्ता २०१९ च्या कायद्याने सोपा केला आहे. तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दावा टाकता येतो. बँकेचे मुख्य कार्यालय मुंबईत असले तरी बेळगावात चालते. पण करारातल्या अन्याय्य अटींबद्दलचा दावा जिल्ह्याऐवजी राज्य आयोगापुढे जातो, आणि इथे वाद अटींचाच झाला असता. त्यात वैयक्तिक कार्डावर फर्मचा खर्च हे आपले दुखणे समोरच्या वकिलाच्या हाती आयते पडले असते.

मी अण्णांना सांगितले की भांडू नका, पण एक गोष्ट लेखी मागा: १० जानेवारीच्या आत विनंती दिली आणि माइल नंतर जमा झाले, तर ते धरले जाईल ना? बँकेने ईमेलने हो म्हटले. नुकतेच कापलेले वार्षिक शुल्क परत मागितले, त्याला नकार आला. शुल्क वाढले नसल्याने त्यावर फारसे बोलण्यासारखेही नव्हते.

काय केले

निर्णयाचा धागा शेवटी वहिनींच्या प्रवासात सापडला. त्या जाणार हे पक्के होते. सुनेचे बाळंतपण, पहिलटकरीण, तिची आई आजारी. पॉइंट असोत की नसोत, वहिनींचे तिकीट निघणारच होते. अण्णांचे जाणे मात्र 'जमलं तर' या सदरातले. मार्चअखेर, मग ऑडिट, मग पावसाळ्याआधीची शेडची दुरुस्ती. बापूंनी विचारले, "तुम्ही तीन महिने तिकडं, मग इथलं बघणार कोण?" अण्णांकडे उत्तर नव्हते.

म्हणून ठरले: पक्क्या प्रवासापुरतेच वळवायचे. वहिनींच्या तिकिटाचे १,०८,००० पॉइंट डिसेंबरात. अण्णांचे नंतर बघू, जानेवारीचे पहिले दहा दिवस हातात आहेतच.

लगेच मोठी रक्कम वळवू नका, आधी सगळ्यात लहान हप्ता पाठवून बघा, असा मुलाचा आग्रह होता. २,००० पॉइंट पाठवले. चार दिवसांनी ते परत आले. कारण दिले होते, नाव जुळत नाही.

आपल्या भागात हे नेहमीचे दुखणे आहे. शाळेच्या मार्क्स कार्डावर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचे फक्त आद्याक्षर. बँकेचे खाते त्यावरून उघडलेले. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचे नाव एका रकान्यात पूर्ण, आडनाव दुसऱ्या रकान्यात. विमान कंपनीचे खाते मुलाने पासपोर्टवरून उघडलेले, आणि ते बरोबरच होते. तिकीट वहिनींचे असले तरी माइल आधी कार्डधारकाच्या स्वतःच्या खात्यात जातात, त्यामुळे अण्णांचेच नाव दोन्हीकडे जुळायला हवे होते. म्हणजे बदलायचे ते बँकेतले नाव.

नेमकी सौंदत्तीच्या यल्लम्माची मार्गशीर्ष पौर्णिमेची यात्रा आली होती. शॉपवरची निम्मी माणसे रजेवर, त्यामुळे अण्णांचे दोन दिवस तिथेच गेले. मग टिळकवाडीच्या शाखेत पासपोर्ट, आधार, पॅन घेऊन गेले. हेल्पलाइनवर तीनदा हिंदीत तेच तेच सांगून झाले होते. शाखेतला अधिकारी हुबळीकडचा होता, अण्णा त्याच्याशी कन्नडमध्ये बोलले आणि त्याने समोर बसवून अर्ज भरून घेतला. सीमाभागात राहायचा हा एक फायदा मानायला हरकत नाही. नाव बदलायला पाच कामाचे दिवस लागले.

नाताळच्या आसपास १,०८,००० पॉइंट गेले, दोन दिवसांत ५४,००० माइल जमा झाले. मुलाने त्याच रात्री तिकीट काढले. बेळगाव ते बेंगळुरू हा सांबऱ्याहून वेगळ्या तिकिटाचा प्रवास. दोन तिकिटे वेगळी असली की पहिले विमान चुकल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही, म्हणून वहिनींनी आदल्या दिवशीच निघून बेंगळुरूला बहिणीकडे मुक्काम करायचा ठरवला.

उरले १,३२,०००. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा बैठक झाली. अण्णांचे जाणे तोवर जवळजवळ रद्दच झाले होते, त्यामुळे आणखी माइल घेण्यात अर्थ नव्हता. खात्यात पडून राहिलेले माइल तीन वर्षांनी संपतात. बँकेचे पॉइंट मात्र कार्ड चालू असेतोवर संपत नव्हते. बापूंचा प्रश्न अजून हवेत होताच. अण्णांनी तो त्याच बैठकीत मिटवला. वहिनींच्या तिकिटाचे पॉइंट अण्णांच्या वाट्याचे, उरलेले सगळे बापूंचे. १,३२,००० पॉइंटचे २६,४०० रुपये कार्डाच्या बिलात जमा करून घेतले आणि फर्मच्या पुस्तकात ते बापूंच्या भांडवल खात्याला लावले. हा भाग मला मनापासून आवडला. निम्म्याहून बारा हजार पॉइंट जास्तच बापूंकडे गेले, आणि अण्णांनी ते मोजून दाखवले नाहीत.

निष्पत्ती

वहिनी एप्रिलअखेर गेल्या. मेमध्ये नात झाली.

जूनच्या सुरुवातीला निपाणीत वहिनींच्या आईचे मांडीचे हाड मोडले, शस्त्रक्रिया ठरली. वहिनींना महिनाभर आधी परतायचे होते. माइलच्या तिकिटाची तारीख बदलता येते, पण नव्या तारखेला त्या दराची जागा असेल तर. नव्या तारखेला परतीची जागा ३६,००० माइलला होती. तिकिटात अडकलेले माइल २७,०००. कमी पडत होते ९,०००, आणि विमान कंपनीच्या खात्यात शिल्लक शून्य. बँकेची वाट १० जानेवारीला बंद झालेली.

विमान कंपन्या माइल विकतातही, पण महाग. दहा हजार माइल सुमारे २४,००० रुपयांना घ्यावे लागले. सुरुवातीची ३७,००० ची बचत १३,००० वर आली, आणि तारीख बदलायचे शुल्क वेगळेच. त्याच १,०८,००० पॉइंटचे रोख २१,६०० झाले असते. पैशाने काढलेल्या तिकिटाची तारीख बदलायलाही पैसे पडलेच असते, त्यामुळे ही तुलना अगदी सरळ नाही. तरी वहिनींचे डिसेंबरातले म्हणणे आकड्यांत फारसे चुकीचे नव्हते, एवढे मान्य करावे लागते.

निपाणीचे ऑपरेशन व्यवस्थित झाले. वहिनी वेळेत पोहोचल्या.

वेगळे काय करता आले असते

गरजेपुरतेच वळवायचे हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. पण 'गरज' मोजताना तिकिटाचा नेमका आकडा धरला आणि बदलाला जागा ठेवली नाही. अशा प्रवासात परतीची तारीख हलणारच असते. बाळंतपणासाठी गेलेली आई ठरल्या दिवशी परतली, असे आपल्याकडे किती वेळा होते? डिसेंबरच्या मर्यादेत आणखी ४२,००० पॉइंटची जागा होती. त्यातले वीस हजार वळवले असते तर दहा हजार माइल हाताशी राहिले असते. त्या पॉइंटची रोखीतली किंमत होती ४,००० रुपये. पुढे त्याच माइलना २४,००० मोजावे लागले.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. १० जानेवारीची मुदत फक्त एका कंपनीकडे माइल नेण्याची होती. पॉइंट रोख करण्याला मुदत नव्हती, दुसऱ्या कंपनीकडे वळवण्यालाही नव्हती. पण घरात तारखेचा असा ताण होता की सगळेच त्या आठवड्यात उरकले गेले. उरलेले १,३२,००० पॉइंट जूनपर्यंत बँकेतच असते, तर आघाडीतल्या दुसऱ्या कंपनीकडून परतीचे तिकीट ९६,००० पॉइंटमध्ये निघू शकले असते. मुलाने नंतर बघितले तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या विमानात तशी जागा दिसत होती. जुने परतीचे तिकीट रद्द करून २७,००० माइल खात्यात परत आले असते, भरलेले करही मिळाले असते. ते माइल बंद वाट असलेल्या खात्यात अडकले असते, हे खरे, पण तीन वर्षांत पुन्हा एक खेप होणारच आहे. बापूंच्या वाट्याची नोंद तेव्हाच पुस्तकात करून प्रत्यक्ष पैसे नंतर काढता आले असते. वाटणी आणि रोखीकरण ही दोन वेगळी कामे होती.

नावाचा घोळ मात्र मुदतीची वाट न बघता कधीही सोडवता येण्यासारखा होता. घरात कुणी परदेशी असेल तर पासपोर्ट, बँक आणि विमान कंपनीचे खाते यांतली नावे आजच शेजारी ठेवून बघावीत. त्याला कुठलाही ईमेल यावा लागत नाही.

फर्मपुरता एक बदल झाला आहे. टूलिंगची खरेदी आता फर्मच्या नावावरच्या कार्डावर होते. त्यावर पॉइंट कमी मिळतात, पण ते कोणाचे हा प्रश्न उरलेला नाही, आणि मार्चअखेर शिल्लक पॉइंटची एक ओळ मी ताळेबंदाच्या टिपणात घालतो. अण्णांचे जुने कार्ड बंद करावे असे बापूंचे मत आहे. बंद करायची विनंती आली की सात कामाच्या दिवसांत बँकेने ती पूर्ण करायची, उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये द्यायचे, असे रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत आहे, तेव्हा तसे अवघड काही नाही. अण्णांनी अर्ज अजून भरलेला नाही. नवे वार्षिक शुल्क नोव्हेंबरात पडेल, त्याच्या आत ठरवू म्हणतात.